दगडातली पपई, पातेल्यातली तूर

फिलिपीन्समधल्या मियागाओच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर सेंट ख्रिस्तोफर माडाला धरून उभा आहे. खांद्यावर बाळ येशू, अंगात साधे कपडे, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले. युरोपातल्या चित्रांत हा संत हातात काठी घेऊन नदी ओलांडताना दिसतो. इथे काठीच्या जागी उंच माड आलाय आणि त्याच्या आजूबाजूला पपईची आणि पेरूची झाडं कोरली आहेत. जवळ जाऊन पाहिलं की पपईच्या खोडाला लगडलेली फळं वेगवेगळी दिसतात. दगड पिवळसर, सच्छिद्र आहे. पावसाने कुठे कुठे झिजून त्याला बोटाच्या पेराएवढे खळगे पडलेत. तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपं झालं की ही सगळी भिंत गेरूच्या रंगाची होते आणि मग प्रत्येक पान सावलीनिशी वर येतं.

हे चर्च १७८७ ते १७९७ या काळात बांधलं गेलं. ज्या हातांनी ते कोरलं त्यांची नावं कुठे नाहीत. स्पॅनिश अमलात सक्तीच्या कामाची पद्धत होती. प्रत्येक धडधाकट पुरुषाला वर्षाकाठी चाळीस दिवस सरकारी किंवा चर्चच्या कामावर राबावं लागे. असल्या वेठीतून उभ्या राहिलेल्या भिंतीवर कुणा गावकऱ्याने आपल्या परसातली झाडं कोरली, हे मला फार मोठं वाटतं. आणि ती झाडं तरी मूळची तिथली कुठे होती? पपई आणि पेरू अमेरिकेतले. मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरातून मनिलाला येणारी स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती. बटाटा, मका, कोको, तंबाखू, मिरची आणि ही फळझाडं त्याच वाटेने फिलिपीन्समध्ये आली. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात यातलं बरंच काही पोर्तुगिजांच्या जहाजांतून उतरलं. मियागाओचं चर्च बांधायला घेतलं तोवर पपई तिथल्या माणसांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती संताच्या शेजारी उभी करताना कुणाला काही वेगळं वाटलं नसणार.

इलोइलो प्रांतात फिरताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. समुद्राने आणून टाकलेलं जे काही होतं, ते इथल्या लोकांनी दगडात, पातेल्यात आणि भट्टीत घालून आपलं करून टाकलं. ते पाहायला फारसे पैसे लागत नाहीत, कारण ते पर्यटकांसाठी मांडलेलंच नाही. चर्चची दारं गावासाठी उघडी असतात आणि बाजारातल्या वाडग्याचा भाव हमालाला परवडेल असा असतो.

मी गेले ती थोरल्या बहिणीबरोबर. ताईचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडे गेलं. ती मासे खाते, डुकराचं आणि गाईचं मांस खात नाही. दोघींच्याही हाताशी बेताचे पैसे होते. आपल्याकडून फिलिपीन्सला जाणाऱ्या सहली बहुतेक मनिला, सेबू आणि बोराकाय एवढंच दाखवतात. बोराकायचा पांढऱ्या वाळूचा किनारा आहे तो पानाय बेटाच्या उत्तर टोकाला, आणि इलोइलो त्याच बेटाच्या दक्षिणेला. बोराकायसमोरच्या कातिक्लान बंदरावरून इलोइलोला थेट बस आहे. अर्ध्या दिवसाचा रस्ता. तरी बोराकायला गेलेले फार थोडे लोक इकडे वळतात.

पोहोचणं आणि राहणं

जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना फिलिपीन्समध्ये चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं आरक्षण आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट जवळ हवा. प्रवासाआधी भरायचा ई-ट्रॅव्हलचा अर्ज फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या वाटेला जाऊ नये. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाची सूचना वाचावी. मुंबईहून सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉक अशा एखाद्या ठिकाणी विमान बदलून मनिला, आणि तिथून तासाभराच्या उड्डाणाने इलोइलो. दिवस हाताशी असतील तर मनिलाहून बस आणि बोट अशी साखळीही आहे. बस बोटीत चढते, उतरते, पुन्हा चढते. पैसे वाचतात, पण एक अख्खा दिवस आणि रात्र जाते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी विमानच घ्यावं असं माझं मत.

इलोइलोचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर काबातुआन गावाच्या हद्दीत आहे. तिथून शहरातल्या मॉलपर्यंत व्हॅन मिळतात, त्या टॅक्सीच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतात. पेसो आपल्या दीड रुपयाच्या आसपास धरावा, म्हणजे हिशेब तोंडी करता येतो.

राहण्यासाठी फिलिपीन्समध्ये पेन्शन हाउस नावाचा जो प्रकार आहे, तो आपल्यासारख्यांना सर्वांत सोयीचा. नावात पेन्शन असलं तरी त्याचा निवृत्तीशी संबंध नाही. घरगुती लॉज म्हणा. शहरात आठशे ते बाराशे पेसोत दोघांची वातानुकूलित खोली मिळते. पंख्याची खोली घेतली तर आणखी कमी. खोली लहान, चादर स्वच्छ, मोरीत बादली आणि तांब्यासारखं प्लास्टिकचं भांडं, ते पाहूनच ताई खूश झाली. किल्लीसाठी थोडे पैसे अनामत घेतात, ते निघताना परत मागून घ्यायचे. पिण्याचं पाणी नळाचं पीत नाहीत. जिन्याखाली मोठी बाटली उलटी ठेवलेली असते, तिथून भरून घ्यायचं. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि रस्त्याच्या बाजूची खोली टाळावी, कारण जीपनी, म्हणजे इथल्या प्रवासी गाड्या, पहाटेपासून सुरू होतात.

शहरात दोन-तीन रात्री काढून आम्ही मियागाओला मुक्काम हलवला. तिथे फिलिपीन्स विद्यापीठाचं विसायास संकुल आहे, म्हणजे विद्यार्थी आले, आणि विद्यार्थी आले की स्वस्त खोल्या नि स्वस्त जेवण आलं. शहरातून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. शहराच्या दक्षिण टोकाच्या मोहोन टर्मिनलवरून जीपनी सुटते, भाडं शंभर पेसोच्या आत. जीपनीत दोन लांब बाकांवर समोरासमोर बसायचं. पैसे शेजारच्याच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. उतरायचं असलं की मोठ्याने "लुगार लांग" म्हणायचं. ताईने हे दोन शब्द असे उचलले, की दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोघींसाठी जीपनी तीच थांबवत होती.

किल्ल्यासारखी चर्चं

शहरातून मियागाओकडे आणि पुढे सान होआकिनकडे जाणारा किनारी रस्ता म्हणजे चर्चची माळ आहे. ओतोन, तिगबाउआन, गिम्बाल, मियागाओ, सान होआकिन. एकापाठोपाठ एक गावं, प्रत्येक गावात एक चौक, चौकासमोर चर्च, बाजूला नगरपालिका आणि मागे बाजार. स्पॅनिश सत्तेने गावं वसवताना हाच नकाशा सगळीकडे वापरला.

यातली बहुतेक चर्चं ऑगस्टीनी पंथाच्या धर्मगुरूंनी बांधली. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टीनचा जो भग्न मनोरा टेकडीवर एकटा उभा आहे, तो याच पंथाचा. तो मनोरा पाहिलेल्याला इथल्या भिंतींकडे पाहताना फरक लगेच जाणवतो. गोव्यातला मनोरा उंच आणि सडपातळ आहे. इथली चर्चं मात्र बसकी, जाडजूड, दोन्ही पाय फाकवून उभी. त्याचं पहिलं कारण भूकंप. दुसरं कारण समुद्र. दक्षिणेकडून, सुलू आणि मिंदानाओ बेटांवरून येणाऱ्या मोरो टोळ्या किनाऱ्यावरची गावं लुटत आणि माणसं गुलाम म्हणून धरून नेत. मियागाओच्या चर्चचा पाया सहा मीटर खोल आहे, भिंती दीड मीटर जाड आणि बाहेरचे टेकू त्याहूनही रुंद. हल्ला झाला की गाव या भिंतींच्या आत येई. गिम्बालला किनाऱ्यावर दगडी टेहळणी बुरूज अजून उभे आहेत. त्यांना बांतायान म्हणतात. एका बुरुजापाशी पोरं पतंग उडवत होती.

मियागाओचे दोन मनोरे एकसारखे नाहीत. एक उंच, एक ठेंगणा, घडणही वेगळी. बांधकामावर देखरेख करणारे धर्मगुरू बदलले आणि रचना बदलली, असं सांगतात. मनिलाचं सान आगुस्तिन, इलोकोसमधली पाओय आणि सांता मारिया यांच्यासह मियागाओचं चर्च १९९३मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे तिकीट नाही. आत मिस्सा चालू असेल तर मागे उभं राहावं, फोटो काढू नयेत, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. रविवारी मिस्सा संपल्यावर पायरीवर उभं राहून पाहिलं तर नातवंडं आजी-आजोबांचा हात धरून आपल्या कपाळाला लावताना दिसतात. ही इथली वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची पद्धत.

पुढे सान होआकिनचं चर्च १८६९मध्ये पुरं झालं. त्याच्या माथ्यावर लढाई कोरली आहे: घोडेस्वार, भाले, तटबंदी, माणसांची झुंबड. १८६०मध्ये स्पेनने मोरोक्कोतलं तेतुआन शहर घेतलं, तो हा प्रसंग. चर्चच्या दर्शनी भागावर लष्करी विजय कोरण्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि काम खरंच बारीक आहे. पण मला तिथे फार वेळ थांबवेना. दुसऱ्या खंडात कुणीतरी कुणालातरी जिंकल्याचा उत्सव, आणि तो स्वतः जिंकल्या गेलेल्या गावाच्या माथ्यावर. मियागाओच्या पपईतलं घरगुतीपण इथे नाही.

तिगबाउआनचं चर्च पाहताना २५ जानेवारी १९४८ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी पानाय बेटावर झालेल्या भूकंपाने इथली कित्येक चर्चं पाडली. तिगबाउआनची नक्षीदार दर्शनी भिंत तेवढी वाचली, मागचं सगळं नव्याने बांधलं गेलं. ओतोनचं जुनं चर्च तर गेलंच. शहरात हारोच्या कॅथेड्रलसमोर रस्त्यापलीकडे चौकात एक जुना घंटामनोरा एकटा उभा आहे. तोही त्या भूकंपाने खिळखिळा झाला होता. चर्च एका बाजूला, मनोरा दुसऱ्या बाजूला आणि मधून वाहतूक.

हारोच्या दर्शनी सज्ज्यात कांदेलारियाची, म्हणजे मेणबत्त्यांच्या मातेची दगडी मूर्ती आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या भेटीत तिला मुकुट घातला. मूर्ती हळूहळू वाढते आहे अशी लोकांची श्रद्धा आहे. दोन्ही बाजूंनी जिना चढून वर जायचं, मूर्तीच्या पायाला हात लावायचा आणि खाली उतरायचं. २ फेब्रुवारीला तिचा सण असतो. तिथून थोड्या अंतरावर मोलोचं सेंट ॲनचं चर्च. टोकदार जुळे मनोरे, आतल्या खांबांवर सोळा संत, आणि सोळाही स्त्रिया. लोक कौतुकाने त्याला स्त्रीवादी चर्च म्हणतात. हारोच्या खांबांवर पुरुष संत आणि मोलोच्या खांबांवर स्त्रिया, अशी वाटणी आहे. फिलिपीन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल १८९६मध्ये मोलोचं चर्च पाहायला आले होते. त्याच वर्षअखेरीस मनिलात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ताई त्या बायकांच्या रांगेतून एकेका मूर्तीपुढे थांबत गेली. ॲग्नेसच्या पायाशी कोकरू, लुसीच्या तबकात डोळे. बसायला म्हणून आलेली एक म्हातारी तिला खुणांनी सगळं समजावून सांगत होती.

पातेल्यांची झाकणं

आता जेवणाबद्दल, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. इलोइलो शहराला २०२३मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. फिलिपीन्समधलं असं ते पहिलंच शहर. ती मान्यता मोठ्या हॉटेलांमुळे मिळालेली नाही. ती बाजारांची आहे.

पहिला मान ला पाझ बाजारातल्या बात्चोयचा. १९३०च्या दशकात याच बाजारात ते जन्मलं असं सांगतात. कुणी एकाचं नाव घेतं, कुणी दुसऱ्याचं. डेकोज, नेटाँग्ज आणि टेड्स ही त्यातली जुनी नावं. वाडग्यात जाडसर पिवळ्या मिकी नूडल्स. त्यावर डुकराच्या मांसाचे, काळजाचे आणि गुर्द्याचे पातळ काप. मग उकळतं सूप पळीने ओतायचं, पुन्हा पातेल्यात काढायचं, पुन्हा ओतायचं, म्हणजे नूडल्स आणि वाडगा दोन्ही तापतात. वरून हाडातली मज्जा, कुटलेलं चिचारोन म्हणजे डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी, तळलेला लसूण, कांद्याची पात. सुपाला खोली येते ती गिनामोस या आंबवलेल्या जवळ्याच्या लगद्यामुळे. शंभर-सव्वाशे पेसोत एक वाडगा, सोबत पुतो हा तांदळाचा वाफवलेला केक. सूप पुन्हा मागितलं तर वाढतात. मी ते मनापासून खाल्लं. ताईने त्याच बाजारातल्या जुन्या मॅज कॅफेत कॉफी घेतली. कापडाच्या लांब पिशवीतून गाळलेली, काळी, कडक.

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवले पाहिजेत, कारण भाजीतही त्याचा तुकडा असू शकतो. शाकाहाऱ्यांना तर आधीच सांगून ठेवते: जवळा आणि माशाचा सॉस यांपासून पूर्ण सुटका अवघड आहे. पण उपाशी राहावं लागत नाही. इथल्या साध्या खानावळीला कारिंदेरिया म्हणतात. काउंटरवर पातेली मांडलेली असतात, झाकण उचलून आत पाहायचं, बोट दाखवायचं, वाटीभर घ्यायचं. भात वेगळा, पेल्याच्या मापाने. दोन वाट्या आणि भात असं शंभर पेसोच्या आसपास पोट भरतं. ताईला तिथे लास्वा सापडलं: तांबडा भोपळा, भेंडी, वांगं, दोडका, मायाळू आणि अळूचे कोवळे धुमारे, नुसत्या पाण्यात मीठ घालून शिजवलेलं. त्यात कधी लहान कोळंबी असते, कधी नसते. तेल नाही, फोडणी नाही. दुसऱ्या दिवशीही तिने तेच मागितलं.

आणि मग काद्योस, बाबोय, लांका. तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस यांचं हे कालवण इलोइलोच्या घराघरात होतं. इथले तुरीचे दाणे गडद रंगाचे असतात, त्यामुळे रस्सा जांभळटसर होतो. फणस शिजून मांसासारखा रेषारेषांचा होतो. तूर मूळची आपल्या भारतातली. ती इथवर कधी आणि कुणाच्या हातून गेली कोण जाणे, पण आमच्याकडे तिची डाळ होते आणि इथे अख्खे दाणे कालवणात पडतात. आंबटपणासाठी चिंच किंवा लिंबू नसतं, तर बातुआन नावाचं हिरवं, वाटोळं, लहान फळ असतं. मियागाओच्या बाजारात मानांग म्हणून हाक मारली की बाया हसून वळतात. आपल्याकडे ताई, मावशी म्हणावं तसं. अशाच एका मानांगच्या टोपलीतून ताईने एक बातुआन उचललं, नखाने टोचलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "अगं, हे आमसुलाच्या घरातलं आहे."

ते अगदी खरं आहे. बातुआन आणि आपला रातांबा ही एकाच कुळातली झाडं, दोन्ही गार्सिनिया. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे सापडतं. ताईला ते जिभेवर सापडलं. तिने मानांगला खुणेने विचारलं, वाळवता का? मानांगने मान हलवली, तसंच टाकायचं, ताजं. मग ताईने तळहातावर बोटाने फळ कापून, मीठ चोळून, उन्हात घालून, पुन्हा रसात बुडवून दाखवलं. आजूबाजूच्या दोघीतिघी जमल्या. कोकणातून पानायपर्यंत बाजारातल्या बायकांना आंबट कसं टिकवायचं हा प्रश्न एकमेकींना समजावून सांगायला भाषा लागली नाही. शेवटी आम्हाला मूठभर फळं फुकट मिळाली. आमच्या लॉजच्या बाईंनी त्या रात्री आमच्यासाठी मांसाऐवजी मासा घालून तुरीचं कालवण केलं आणि ताईने ते दोनदा वाढून घेतलं.

काबातुआनला गेलात तर तिनुओम मागा. गावठी कोंबडी, टोमॅटो, कांदा आणि गवती चहा हे सगळं केळीच्या पानात पाण्यासकट बांधून वाफवतात. पुरचुंडी ताटलीत सोडली की रस्सा बाहेर येतो. त्याच गावचं मोठं चर्च विटांचं आहे. किनाऱ्यावरच्या दगडी चर्चनंतर ती लाल भिंत वेगळी वाटते. मोलोमध्ये पूर्वी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिथलं पान्सित मोलो हे त्या वस्तीचं देणं: सुपात पोहणाऱ्या मांसाच्या पुरचुंड्या. चिकन इनासाल म्हणजे लिंबू, आलं, गवती चहा लावून कोळशावर भाजलेली आणि शेंदरीच्या तेलाने माखलेली कोंबडी. देशभर शाखा असलेली मांग इनासाल ही साखळी २००३मध्ये इलोइलोतच सुरू झाली, पण भाजलेली कोंबडी रस्त्याकडेच्या शेगडीवरचीच खावी.

गोडाचं कारण साखरेत आहे. इलोइलो एकेकाळी विणकरांचा प्रांत होता. १८५५मध्ये बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि १८५६मध्ये निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत इथे आला. मँचेस्टरचं कापड त्याने इथे आणलं आणि परतीच्या जहाजात साखर भरली. मागांचं काय झालं ते आपल्याला कुणी सांगायला नको. विणकरांचा पैसा आणि माणसं शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या उसाकडे गेली, आणि साखरवाल्यांचे वाडे इलोइलोत उभे राहिले. मियागाओजवळ इंदाग-आन गावात काही बायका अजून हाब्लोन हे हातमागाचं कापड विणतात. तिथे जाऊन एक तरी ओढणी घ्यावी. माग चालताना पाहायला मिळतो आणि पैसे थेट विणकराच्या हातात जातात.

साखर आली तसे बेकरीचे पदार्थ आले. मोलोतल्या जुन्या पानादेरियात गालेतास ही पातळ बिस्किटं, बिस्कोचो, पाकात घोळवलेली केळी. चर्च बांधताना चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालत, उरलेल्या पिवळ्या बलकाचे गोड पदार्थ झाले, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. आरेवालोतल्या कामिन्या घराण्याच्या १८६५च्या घरात प्रवेशाच्या पैशांतच घट्ट, गरम चॉकलेटचा लहानसा पेला मिळतो. कोकोच्या वड्या उकळत्या पाण्यात घुसळून केलेला. शिसवी फर्निचर पाहत तो हळूहळू प्यायचा.

समोरच्या गिमारास बेटाचा आता स्वतंत्र प्रांत आहे. पंपबोटीने पाव तासात पोहोचता येतं, भाडं नाममात्र. तिथला आंबा फार गोड, आणि तो जपण्यासाठी बाहेरचा आंबा बेटावर न्यायलाच बंदी आहे. कीड येऊ नये म्हणून धक्क्यावर सामान तपासतात. हापूसच्या बागा असलेल्या आपल्या लोकांनी हा कडकपणा जाऊन पाहावा. ट्रॅपिस्ट संन्याशांच्या मठातल्या दुकानात आंब्याचा जॅम मिळतो.

दिवाळीनंतर निघणाऱ्यांसाठी डिसेंबर उत्तम. १६ ते २४ डिसेंबरपर्यंत पहाटेच्या अंधारात मिस्सा असते आणि ती सुटली की चर्चबाहेर तांदळाचे गरम केक विकायला बसतात. जानेवारीच्या चौथ्या रविवारी दिनाग्यांग उत्सव असतो. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव दुपटीवर जातात आणि तरी मिळत नाहीत. उत्सव पाहायचाच असेल तर काही महिने आधी खोली घ्या, नाहीतर तो आठवडा टाळा.

जे जातील त्यांना एक विनंती आहे. शहरात राहून चर्चं एका दिवसात व्हॅनने उरकण्याचा बेत सगळीकडे सुचवला जातो. तो करू नका. किमान एक रात्र मियागाओत राहा, बाजारातल्या कारिंदेरियात जेवा, लॉजच्या बाईंना आदल्या दिवशी सांगून काद्योसचं कालवण करायला लावा. दोघींचा असा एक दिवस, खोली, जेवण, जीपनी आणि चर्चच्या दुरुस्तीच्या पेटीत टाकलेले थोडे पैसे धरून, अडीच हजार रुपयांच्या आत बसतो, आणि तो सगळा पैसा गावातच राहतो.